गिरिजा, तुझं म्हणणं मी पत्रात तसंच ठेवलं

गिरिजा,

मंगळवारी सकाळी सराव संपल्यावर तू म्हणालीस, "मॅडम, डावी पोटरी आखडलीया." मी तुला कट्ट्यावर बसवलं आणि पोटरीला हात लावला. ती गरम होती. उजवीपेक्षा जाडही वाटली. मी म्हणाले, "स्नायू ताणलाय. बर्फ लाव, पट्टी बांध, दोन दिवस पळू नको." आणि पिशवीतली तेलाची बाटली काढून पोटरी चांगली रगडून दिली. उभी जिंदगी मी मुलींच्या पोटऱ्या बघत आले. गोळा कुठला, मुरगळा कुठला, हे मला नुसत्या हातानं कळतं, असा माझा गर्व होता.

गुरुवारी दुपारी तू गेलीस. डॉक्टर म्हणाले, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती, ती सुटून फुप्फुसात जाऊन अडकली. असा पाय कधी चोळायचा नसतो, असंही ते म्हणाले. ते कुणाला सांगताहेत, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्याला आज बारा दिवस झाले. येणारे-जाणारे मला समजावतात, "मॅडम, तुमची काय चूक? तुम्ही काय डॉक्टर हायसा का?" मी मान हलवते. हे सरळ सांगावं असं एकच माणूस होतं आणि ते तूच होतीस. म्हणून लिहायला बसले.

तू पहिल्यांदा मैदानावर आलीस ती खांद्यावर टेप टाकून. मंगळवार पेठेतल्या तुझ्या दुकानात खेळाडूंच्या जर्सी शिवून, नावं-नंबर छापून मिळायच्या. पेठापेठांतले फुटबॉलवाले तुझ्याकडंच यायचे. आमच्या मुलींच्या कबड्डी संघाला पहिल्यांदाच नवे कपडे मिळणार होते. उंच, रुंद खांद्याची, खालच्या आवाजाची, सुती साडी नेसलेली तू फाटकातून आत आलीस आणि मुली एकमेकींना कोपरानं ढोसून हसायला लागल्या. तू सगळ्यांत जास्त हसणाऱ्या दोघींनाच आधी पुढं बोलावलंस. "हसून घ्या आधी. हसताना छातीचं माप जास्त येतंय, मग जर्सी ढगळी हुती, आन् गिरिजाला शिवाय येत न्हाय म्हणून बोंब मारशीला." त्यानंतर त्या मुली हसल्या, पण तुझ्याबरोबर.

मापं झाली तरी तू गेली नाहीस. कट्ट्यावर बसून सराव बघत राहिलीस. मग न विचारता म्हणालीस, "मॅडम, ती लाल ओढणीवाली रोज उजवा पाय पुढं टाकून शिरतीया. डाव्या कोपऱ्यावरची कोण पण धरंल की तिला."

"तुला कसं कळतं?"

"नेसरीत शाळेच्या संघात हुतो. चढाईला." आणि टेप गुंडाळत, "पोरांच्या."

मी तुला त्यापुढं काही विचारलं नाही. तूच हळूहळू सांगत गेलीस. घर लिंगायताचं, वडिलांचं किराणा दुकान, घरात अर्धं बोलणं कन्नड. तुझं काय चाललंय हे कळल्यावर वडिलांनी एकच उपाय काढला, सौंदत्तीला नेऊन देवीला सोडायचं, म्हणजे देवीची टोपली, जग, डोक्यावर घेऊन जोगवा मागत फिरायचं. तू त्यांना म्हणालीस, "मला देवीचा जग डोक्यावर घ्यायचा न्हाय, मला चढाई घ्यायची हाय." त्यांनी हात उगारला आणि तू घर सोडलंस. तेव्हा तू एकोणीस वर्षांची होतीस. त्यानंतर अव्वा, तुझी आई, तेवढी अधूनमधून एसटीनं यायची, तासभर तुझ्या दुकानात बसायची आणि दुपारच्या गाडीनं परत जायची.

एक गोष्ट तू फार खुशीत सांगायचीस. पुण्यात चार महिने राहिलीस तेव्हा तिथल्या मैत्रिणी तुला रोज शिकवायच्या, 'मी आले म्हण, मी गेले म्हण.' तुझी जीभ वळायची नाही. कोल्हापुरात आलीस आणि सुटलीस, कारण इथं बोलताना, लिहिताना नसलं तरी, माझ्यासकट सगळ्या बायका 'मी आलो, मी गेलो'च म्हणतात. "मॅडम, अख्ख्या महाराष्ट्रात ह्योच एक गाव हाय, जिथं मला बोलणं बदलाय लागलं न्हाय," असं म्हणायचीस आणि मोठ्यानं हसायचीस.

तू सकाळी सरावाला यायला लागलीस. मुलींना पायाची चाल तू शिकवलीस. दम कसा राखायचा, मध्यरेषेकडं परतताना खांदा कसा आत घ्यायचा, हे मला शब्दांत सांगता येत नव्हतं, ते तू करून दाखवायचीस. मुली तुला अक्का म्हणायला लागल्या. पुढच्या दोन वर्षांत माझा संघ पहिल्यांदा उपांत्य फेरीपर्यंत गेला. त्याचे हार माझ्या गळ्यात पडले. तुझं नाव मी भाषणात घेतलं नाही. घ्यायला हवं होतं.

मग वैष्णवीचं झालं. ती माझ्याच गावची, कोडोलीची, सोळा वर्षांची, वजन जेमतेम. सरावात तिनं तुझी मांडी धरली, तू सुटायला वळलीस आणि दोघी पडलात. ती खाली, तू वर. तिच्या गळपट्टीचं हाड मोडलं. रिक्षात तिला मांडीवर घेऊन तूच गेलीस. संध्याकाळी तिची आई मैदानावर आली आणि सगळ्यांसमोर मला म्हणाली, "बाई, पोरगी तुमच्या भरवशावर पाठवली हुती. असल्या गड्यासंगं तिला झोंबाय लावलासा?" तू दहा पावलांवर उभी होतीस. मी तिला म्हणायला हवं होतं, की हाड कुणाच्याही अंगाखाली मोडतं. मी म्हणाले, "परत असं होणार नाही."

तू त्या मुलीला डोक्यातून कपडा घालता येत नाही म्हणून पुढून बटणांचे चार सदरे शिवून पाठवलेस. तिच्या आईनं ते ठेवून घेतले. आणि तू मला म्हणालीस, "त्या माउलीचं चुकलं न्हाय मॅडम. पर माझं पण चुकलं न्हाय." मला तेव्हा वाटलं, हे दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. यातलं खरं कुठलं ते कुणीतरी लिहून द्यायला हवं.

आजऱ्याच्या स्पर्धेबद्दल मी आजवर कुणाजवळ बोलले नाही.

महिलांचा खुला गट होता. आमच्या एका मुलीचं आदल्या दिवशी लग्न ठरलं आणि ती आलीच नाही. तू सहज संघाबरोबर आली होतीस. मी यादीत सातवं नाव तुझं लिहिलं. तुझ्या चेहऱ्यावर काय आलं होतं, ते मी विसरणार नाही. एवढ्या मुलींचे नंबर छापलेस, स्वतःच्या पाठीवर त्या दिवशी पहिल्यांदा घातलास.

समोरच्या संघाचा मास्तर उठला. "ही बाई हाय का बाप्या, ते आधी सांगा. मग खेळतो."

संयोजक बिचारा घामाघूम. त्याच्याकडं नियमच नव्हता. तू कमरेच्या पिशवीतून सरकारी ओळखपत्र काढून त्याच्या हातात दिलंस. त्यानं उलटंपालटं करून बघितलं आणि मला म्हणाला, "मॅडम, कार्ड बरोबर हाय वो. पर लोकं ऐकंनात. मंडपाच्या मागं दोन बायका हायत, त्यांनी एकदा बघून घेतलं तर मिटंल."

तू माझ्याकडं बघितलंस. मी त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि यादीतलं तुझं नाव खोडलं. आम्ही सहाजणीच खेळलो आणि हरलो.

परत येताना वडापच्या जीपमध्ये तू ड्रायव्हरशेजारी बसलीस. गडहिंग्लज मागं पडलं. मग मागं न वळता म्हणालीस, "मी गेलो असतो की आत. बघू दे म्हटलो असतो. असलं लई झालंय माझ्यावर, त्यात अजून एक. मला खेळायचं हुतं. तुम्ही मला विचारला न्हाईसा."

मी तुला अपमानातून वाचवलं, असं समजून बसले होते. माफी मी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी तुझ्यासाठी घरून शेंगदाण्याची चटणी आणली. तू ती खाल्लीस. आपल्यात एवढंच झालं.

त्यानंतर तू संघाबरोबर खेळायला उतरली नाहीस. शिकवायला मात्र येत राहिलीस. हे तू का केलंस, ते मला कळलेलं नाही. मी तुझ्या जागी असते तर आले नसते.

आपलं खरं भांडण गेल्या महिन्यात सुरू झालं. क्रीडा खात्याकडून प्रशिक्षकांना पत्र आलं, की तृतीयपंथी खेळाडूंनी कुठल्या गटात खेळावं आणि त्यांच्या औषधोपचाराचं काय, याबद्दल सरकारनं कायदा करावा का, मत कळवा. मी ते पत्र घेऊन तुझ्या दुकानात आले. मला वाटलं, तू खूश होशील.

मी म्हणाले, कायदा पाहिजे. कुठल्या गटात कोण, कुठली तपासणी, ती कुणी करायची, हे सगळं सामन्याच्या आधी कागदावर असावं. म्हणजे आजऱ्यासारखं कुणी मंडपाच्या मागं चल म्हणणार नाही, आणि वैष्णवीच्या आईलाही उत्तर मिळेल. मी तुला माझं सांगितलं. आमचं बौद्ध घर. आमच्या घरात राज्यघटना देवघरासारखी जपलेली. माझ्या आज्याला शाळेच्या पायरीवर उभं राहू दिलं नव्हतं आणि मी त्याच शाळेत शिट्टी गळ्यात घालून उभी राहिले, ती कुणाच्या चांगुलपणामुळं नाही, लिहिलेल्या कायद्यामुळं. मुलींना मैदान मिळावं म्हणून मी किती उंबरे झिजवलेत, तुला माहीत होतं. लिहिलेलं नसलं की दुबळ्याच्या वाट्याला काही येत नाही, एवढंच मी जगून शिकले.

तू जर्सीवर नऊचा आकडा दाबत होतीस. इस्त्री बाजूला ठेवलीस. "तुमचा कायदा तुम्हाला आत घ्याला लिहिला हुता मॅडम. ह्यो मला भाईर ठेवाला लिहित्यात. आन् लिहिणाऱ्यांतला एक तरी माझ्यासंगं मातीत पडलाय का? गावच्या खेळात गावानं बसून ठरवावं. वैष्णवीसंगं मी झोंबणार न्हाय, हे मी त्याच दिवशी ठरिवलो. मला कुणी कायदा दाखिवला न्हवता."

"सगळ्याजणी तुझ्यासारख्या नसतात."

"आन् सगळे सायब तुमच्यासारखे नसत्यात."

मग तू दवाखान्याचा विषय काढलास आणि तिथं कायदा पाहिजेच म्हणालीस. मला हसू आलं. मी म्हणाले, "मैदानावर सरकार नको आणि दवाखान्यात हवं, असं कसं गं?"

"मैदानावर मी उभी असतो. माझं मी बघतो. दवाखान्यात आडवी असतो."

तू तीन डॉक्टरांकडं गेली होतीस. एक हसला होता. एकानं सांगितलं, मोठ्या शहरात जा. तिसऱ्यानं म्हटलं, घरच्यांना घेऊन ये. शेवटी एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून बायकांच्या पाळणा लांबवायच्या गोळ्या तू घ्यायला लागलीस, तिनं सांगितल्या तितक्या. हे तू मला सांगितलं होतंस. मला तू हे सांगितलं होतंस, गिरिजा. "सरकारनं एवढंच लिहावं," तू म्हणालीस, "की दारात आलेल्या माणसाला परत लावून द्यायचं न्हाय. कुठली गोळी, किती, ते रगत तपासून सांगायचं. बास."

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, औषधातलं डॉक्टरांना कळतं, तिथं कायद्यानं दांडगाई करू नये. शिकलेली माणसं हळूहळू शिकतील. मैदानासाठी ज्या बाईला कायदा पाहिजे होता, तिनं तुझ्या जिवाबद्दल हळूहळू म्हटलं.

सोमवारी संध्याकाळी आपण पत्र लिहायला बसलो. माझं अक्षर चांगलं म्हणून लिहायला मी. तू सांगितलेलं मी तुझ्याच शब्दांत उतरवलं, माझं माझ्या शब्दांत. मग मी म्हणाले, एका पत्रात दोन मतं चालत नाहीत, एक काढावं लागेल. तू म्हणालीस, "मग तुमचं काढा." दोघी हसलो आणि कागद तसाच घडी घालून ठेवला. दुसऱ्या दिवशी तुझी पोटरी दुखत होती.

गुरुवारी अकराच्या सुमाराला तुझा फोन आला. शब्द तुटत होते. मी रिक्षा करून आले, तुला दवाखान्यात नेलं. खिडकीतल्या माणसानं विचारलं, पुरुष लिहू का स्त्री? मी तुझं ओळखपत्र पुढं केलं. तो ते घेऊन आत विचारायला गेला. तू माझ्या खांद्याला टेकून श्वास ओढत होतीस. एक सिस्टर तिकडून चालली होती, तिनं तुझ्या ओठांचा रंग बघितला आणि ओरडली, "आधी आत घ्या, कागद मागनं करा." तिचं नाव मला माहीत नाही. मी तिचे पाय धरीन.

आत डॉक्टरांनी विचारलं, "औषधं काय चालू आहेत?" तुला बोलवत नव्हतं. तू माझ्याकडं बघितलंस. मी म्हणाले, "पाळणा लांबवायच्या गोळ्या घेते." ते म्हणाले, "कुठल्या? किती?" मला नाव माहीत नव्हतं. कितीतरी सकाळी तुझ्याबरोबर काढल्या, आणि तू रोज नेमकं काय, किती गिळतेस हे मी कधी विचारलं नव्हतं. खिडकीवर गेलेल्या त्या दहा मिनिटांनी तू गेलीस असं मी म्हणणार नाही. डॉक्टर म्हणाले, असल्या गोळ्यांनी रक्ताची गाठ होऊ शकते, दोन दिवस आधी यायला हवं होतं. दोन दिवस आधी तू माझ्यासमोर कट्ट्यावर बसली होतीस.

तुला दुकानात आणलं आणि तुझ्या घरी मी कळवलं. तुझा थोरला भाऊ आणि अव्वा जीप करून आले. वडील आले नाहीत. भाऊ वाईट माणूस नाही गं. रडत होता. पण त्याच्या पिशवीत धोतर होतं. विधीसाठी स्वामी आले, विभूती लावायच्या आधी त्यांनी नाव विचारलं. भावानं तुझं जुनं नाव सांगितलं.

अव्वा भिंतीला टेकून बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "ते न्हवं. गिरिजा."

"अव्वा, गप्प बस. लोकं हायत," भाऊ म्हणाला.

"लोकं हायतच की. म्हणून मोठ्यानं सांगायलोय. माझ्या लेकीचं नाव गिरिजा हाय."

मग ती मला म्हणाली, "तुम्ही खेळाच्या बाई न्हवं? माझ्या हाताला बळ न्हाय राहिलं. हिला साडी नेसवा. घट्ट नेसवा. आमच्यात बसवून पुरत्यात, निऱ्या सुटाय नगंत." मी नेसवली. मुली बाहेर उभ्या होत्या, वैष्णवी सगळ्यांत पुढं. तिची आई दारापाशी थांबली, आत आली नाही, पण घरी जाताना अव्वाला धरून जीपपर्यंत तिनंच नेलं.

त्यानंतर दोनदा सराव झाला. कुणी 'पाय दुखतोय' म्हटलं की मी आता हात लावत नाही. आधी विचारते, काय खातेस, काय घेतेस, कधीपासून. मुली लाजतात. मी विचारते. पायाला सूज असली तर तेलाची बाटली न काढता सरळ डॉक्टरांकडं घेऊन जाते.

काल मी ते पत्र कचेरीत दिलं. दवाखान्याबद्दलचं माझं लिहिलेलं मी काढून टाकलं, तिथं फक्त तुझं आहे, तुझ्या शब्दांत. मैदानाबद्दल मात्र माझंही ठेवलं, तुझंही. तिथल्या लेखनिकानं दोनदा वाचलं.

"मॅडम, ह्यात वर लिहिलंय कायदा करा, खाली लिहिलंय करू नका."

"व्हय."

"मग तुमचं मत कुठलं धरायचं?"

"वरचं माझं. खालचं माझ्या एका खेळाडूचं."

"मग त्यांची सही?"

मी म्हणाले, "दोन्हीखाली माझीच घ्या." त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि शिक्का मारला.

मला तुझं अजूनही पटलेलं नाही, गिरिजा. नियम पाहिजेच, असं मी आजही म्हणते. तू असतीस तर इस्त्री बाजूला ठेवून म्हणाली असतीस, "बसा मॅडम, पयल्यापासनं सांगतो." मी बसले असते.